हातातील यंत्र आणि मनातील भय





गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि मंडळी घरोघर निघाली. एक माता तेवढी मागे थांबली. तिच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. घरातला देव्हारा तिने स्वतःच्या हाताने काढला, हे साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. तिने पदराआडून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर एका देवीचे चित्र होते. खालच्या मजकुराचा अर्थ असा, की हा संदेश अकरा जणांना पाठवा, शुभवार्ता येईल. न पाठवाल तर घरावर संकट कोसळेल. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत कामाला आहे. ती हळूच म्हणाली, "सर, नाही धाडला त पोराले काही होईन काय?"

बंधूंनो, मला हसू आले नाही. भिंतीवरचा देव्हारा उतरला, पण त्याचे भय फोनच्या वाटेने परत घरात शिरले, हे मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून आज या यंत्राविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हा आपला वाशिम जिल्हा अस्तित्वातही नव्हता. तो अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. आज रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यात जा, व्यवहाराची रीत पालटलेली दिसेल. पूर्वी शेतकरी सोयाबीनची पोती घेऊन बाजारात पोहोचे, तेव्हा कुठे त्याला भाव कळे. माल परत नेणे परवडत नसे. मग व्यापारी म्हणेल तोच भाव. आज घरून निघण्यापूर्वीच तो वाशिमचा, कारंज्याचा, अकोल्याचा भाव फोनवर पाहतो. शेतमालाची ई-नाम ही राष्ट्रीय ऑनलाइन बाजारपेठ १४ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीदिनीच सुरू झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलेल्या पैशांच्या ॲपला 'भीम' हे नाव मिळाले.

पण नावावर भुलू नका. भाव कळणे वेगळे आणि भाव मिळणे वेगळे. ज्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, त्याला भाव पडला तरी माल विकावाच लागतो. आणि ज्याच्यापाशी जमीनच नाही, त्याने कशाचा भाव पाहावा? यंत्र माहिती देते. न्याय माणसांनाच मिळवावा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या आजोबांच्या काळी दुकानदार वस्तू वरून टाकी आणि आपल्या हातचे नाणे पाणी शिंपडून मग उचली. आज दुकानाच्या भिंतीवरचा क्यूआरचा कागद कोणाची जात विचारत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु स्पर्श टळला म्हणजे अस्पृश्यता मिटली, असे समजू नका. कागदाला मन नसते. ते माणसाला असते. आणि केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. धम्म स्वीकारल्यावरही सोयरीक जुळवताना आपल्यातलेच काही लोक फोनवर पोटजातीचे वधूवर गट चालवतात. ज्या डबक्यातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, तेच डबके आपण फोनमध्ये भरून ठेवावयाचे काय?

भगवान बुद्धांनी सम्यक वाचा सांगितली. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, व्यर्थ बडबड करू नये. आज आपली जीभ बोटांच्या टोकाला आली आहे. पूर्वी चहाडी पारापर्यंत जाई. आता एका क्षणात ती मुंबई-पुण्याला पोहोचते. खोटा संदेश तुम्ही लिहिला नाही, केवळ पुढे ढकलला, म्हणून शील भंगले नाही असे म्हणता येईल काय? अफवेने एखाद्या गावात दगड उठला, तर तो कोणाकोणाच्या हातून पुढे गेला, याचा हिशेब आपल्या मनाला द्यावाच लागेल.

केसपुत्त नगरीचे कालाम लोक तथागतांकडे गेले आणि म्हणाले, आमच्याकडे अनेक श्रमण-ब्राह्मण येतात. प्रत्येक जण आपले मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोटे ठरवतो. आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? तथागतांनी त्यांना सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. त्यातून अकुशल उपजते की कुशल, हे स्वतः तपासा. आज दिवसाला शंभर संदेश तुमच्या हातात येतात. तुम्ही सगळे कालामच आहात! बाबासाहेबांचे चित्र लावून त्यांच्या नावावर कोणीही काहीही खपवतो. तेही तपासावयास हवे.

तपासण्याचे साधनही याच यंत्रात आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. चार ओळींच्या जागेसाठी ही अवस्था! आज बाबासाहेबांचे जे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध केली, ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ज्यांच्या घरात पूर्वी पुस्तकाचे पान नव्हते, त्यांच्या हातात आज ग्रंथालय आहे. मग आपण त्यात काय पाहतो?

आता त्या मातेकडे वळू. मी तिला विचारले, "ज्याने हे लिहिले, त्याला तुमच्या पोराचे नाव ठाऊक आहे काय?" ती म्हणाली, "नाही." "त्याचा पत्ता?" "नाही." "मग हे संकट त्याला पुण्यात शोधणार कसे?" ती क्षणभर थांबली आणि हसली. मी संदेश पुसला नाही. तिनेच पुसला. देव्हारा जसा तिने काढला, तसा हाही तिनेच काढावा, हेच योग्य होते. मग त्याच फोनवरून तिने पोराला हाक लावली आणि जेवलास काय म्हणून विचारले. यंत्र तेच, आधी त्यातून भय आले, मग मैत्री गेली.

हे भय ओळखा. "बँकेतून बोलतो, तुमचे खाते बंद होईल, ओटीपी सांगा," असे म्हणणारा भामटा त्याच भयावर जगतो. "तुम्हाला बक्षीस लागले," असे म्हणणारा तृष्णेवर जगतो. म्हणून फसवणुकीपासून बचाव हा नुसता व्यवहाराचा धडा नाही. ती चित्ताची साधना आहे. तरीही कोणी फसले तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. फसणाऱ्याला दोष देऊ नका. दोष फसवणाऱ्याचा आहे.

शेवटी एवढीच विनंती. पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: हे खरे आहे काय? हे हिताचे आहे काय? हे आता सांगण्याची वेळ आहे काय? दर रविवारी विहारात शिकलेल्या मुला-मुलींनी अर्धा तास वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांना फोनवर भाव पाहणे, पैसे जपणे आणि बाबासाहेबांचे एक पान वाचणे शिकवावे. शिकवताना खेकसू नये. ज्यांनी मजुरी करून आपल्याला शिकवले, त्यांना शिकवण्याची ही पाळी आपली आहे.

स्वतःचा दीप स्वतः व्हावयाचे, तर प्रकाश फोनच्या काचेचा नको, प्रज्ञेचा हवा.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!