भेटीचे माप

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळ्यांत एक जुना वाद नव्याने निघतो. मुलांना द्यावयाची भेट बाजारातून आणावी की घरी हाताने करावी? आणि उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनास गोड म्हणून साधा शिरा करावा, की बायकांनी पंधरा दिवस खपून काही अवघड पक्वान्न मांडावे? सन २०२४ च्या नाताळापूर्वी एका वडील गृहस्थांनी हा प्रश्न सरळ आमच्यापुढे टाकला. ते म्हणाले, "पाळकसाहेब, जिला कष्ट अधिक ती भेट अधिक चांगली, असेच शास्त्र सांगते ना?" आम्ही तत्काळ होय म्हटले व दाविदाचा दाखला दिला. अरवना आपले खळे, बैल व सरपणही फुकट देत असता राजाने ते घेतले नाही. ज्यासाठी आपणास काहीच वेचावे लागले नाही ते देवापुढे ठेवणे त्यास बरे वाटले नाही, म्हणून त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. गृहस्थांचे समाधान झाले. आमचे मात्र पुढे टिकले नाही. कारण त्याच नाताळात आमच्या घरी दोन गोष्टी अशा घडल्या की ते उत्तर अपुरे आहे हे आम्हास कबूल करावे लागले.

पहिली गोष्ट अनारशांची. त्या वर्षी आमच्या पत्नीने मंडळीच्या भोजनासाठी दीडशे अनारसे करण्याचे योजिले. अनारसा हा पदार्थ किती मानी आहे हे ज्या भगिनींनी तो केला आहे त्यांस सांगावयास नको. बंधुवर्गास मात्र सांगणे अवश्य आहे, कारण ताटात येईपर्यंत त्यांची त्याच्याशी ओळख होत नाही. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचा व रोज पाणी बदलावयाचे. ह्या तीन दिवसांत तांदूळ किंचित आंबतो, आणि पुढे जी जाळी पडते तिचे मूळ ह्या आंबण्यात आहे. मग तो फडक्यावर सावलीत पसरावयाचा. अगदी कोरडा होऊ द्यावयाचा नाही व ओलाही ठेवावयाचा नाही. दमट असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळावयाचा. त्या पिठीत किसलेला गूळ व थोडे तूप मिसळून गोळा करावयाचा आणि डब्यात घट्ट झाकून ठेवावयाचा. दिवाळीच्या सुमारास हे पीठ लवकर तयार होते. नाताळच्या थंडीत त्यास अधिक दिवस लागतात. शेवटी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडावयाचा. उलटावयाचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवीत राहावयाचे. इतके सर्व करूनही पीठ सैल असले किंवा गूळ वाजवीपेक्षा अधिक पडला असला, तर कढईत पडताक्षणी अनारसा पसरतो, फुटतो व तुपात विरून जातो. ह्यास आपल्या बायका "अनारसा हसला" असे म्हणतात. ज्या कोणी हा शब्द प्रथम योजिला तिला कढईजवळ बसल्याचा पुष्कळ अनुभव असला पाहिजे; कारण त्या वेळी तो खरोखर करणारणीलाच हसत असतो.

आमच्या सासूबाईंचे अनारसे प्रवरेच्या काठच्या पाच-सात गावांत नावाजलेले होते. त्या दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेल्या. त्यांच्या हयातीत आमच्या पत्नीने कधी अनारशाच्या पिठास हात लावला नव्हता; लावण्याची गरजच पडली नाही. आता तिने दोन किलो तांदूळ व दीड किलो गूळ घेऊन सर्व काही आठवणीने केले. बावीस डिसेंबरच्या दुपारी पहिला घाणा तुपात सोडला आणि तो हसला. दुसराही हसला. तिसऱ्यानंतर तिने चूल विझविली व पदराने तोंड झाकून बसली. आम्ही समजूत घालावयास गेलो, तेव्हा ती म्हणाली, "लोक म्हणतील, आईची लेक, आणि हिला साधा अनारसा जमत नाही."

मदतीस एक वृद्ध विधवा भगिनी आल्या होत्या. त्या कढईत डोकावून म्हणाल्या, "अवं बाई, पीठ वलं राह्यलंय. थोडी पिठी राखून ठिवली असंल की! अन् तुमच्या आईचा बी पयला घाणा हसायचा. तुमाला निस्तं ताटातलं दिसायचं." राखलेली पिठी मळली गेली, तूप थोडे निवविले, आणि पुढच्या घाण्यास सुरेख जाळी पडली. दीडशेचे एकशे दहाच झाले. फुटलेल्यांचा चुरा परातीत होता. तो दुधात घालून आळीतली मुले त्याच संध्याकाळी खाऊन गेली, आणि एवढ्या आनंदाने की नाताळच्या दिवशी चांगल्या अनारशांसही तो मान मिळाला नाही.

पत्नीने रात्री आम्हास जे सांगितले ते येथे तिच्या परवानगीने लिहितो. ती म्हणाली, "मी रडले तेव्हा मंडळीतल्या एकाही माणसाचे तोंड माझ्या डोळ्यांपुढे नव्हते. आईचे होते, आणि माझे स्वतःचे." आम्हास हे वाक्य फार मोलाचे वाटते. आपण कोणासाठी खपत आहो हे खपत असताना कळत नाही, कारण प्रीतीचे कष्ट व अभिमानाचे कष्ट बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोहोंत तीच जागरणे, तेच भाजलेले हात. परंतु वस्तू बिघडली म्हणजे जे पहिले दुःख होते, ते सहसा खरे बोलते. येथे आम्ही एवढेही म्हणू की, दिवंगत आईच्या तोडीचे काही करून दाखवावे ही इच्छा आम्हास पाप वाटत नाही. ती एक भेटच होती. मात्र जिच्यासाठी होती ती भोजनास येणार नव्हती.

आता दुसरी गोष्ट. तिच्यात दोष सर्वस्वी आमचा आहे. आमचा मुलगा सात वर्षांचा असता साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या पाहून "मला अशी गाडी करून द्या" असे म्हणत असे. आमच्याकडे तीन गावच्या मंडळ्या असल्यामुळे ते राहून गेले. २०२४ साली तो नऊ वर्षांचा झाला, आणि आम्ही मनाशी ठरविले की ह्या नाताळात ऋण फेडावयाचे. गावच्या सुताराकडून करवत, पटाशी व कानस मागून आणली. बाभळीचे लाकूड घेतले, ते लोखंडाच्या भावंडासारखे कठीण. मंदिरामागच्या खोलीत सतरा रात्री बसून आम्ही गाडी केली. प्रत्येक चाकास सहा आरे, तुंबा कातलेला, डब्याच्या पत्र्याची धाव, जू, शिवळा, काही सोडले नाही. मुलगा संध्याकाळी दाराशी येई, तेव्हा "आत येऊ नकोस" म्हणून त्यास परत पाठवीत असू. जेवावयास बसल्यावर तो नाताळच्या फेरीच्या गोष्टी सांगे; कोण पुढे चालतो, कोण पेटी वाजवितो, ओढ्याजवळ कसा अंधार असतो. आम्ही हो-हो म्हणत असू आणि मनात चाकाचा आस घाशीत असू.

नाताळच्या सकाळी त्याने गाडी हातात घेतली, चाक फिरवून पाहिले, व फार शहाण्या मुलासारखा म्हणाला, "छान झाली आहे, बाबा." दुपारी आम्ही पाहतो तो शेजारचे चार वर्षांचे पोर ती गाडी दोरीने ओढीत अंगणभर धावत आहे. आम्ही मुलास हाक मारून जाब विचारला. तो म्हणाला, "तो रडत होता. आणि मी आता मोठा झालो ना?"

वाचकहो, त्या घटकेस आम्हास राग आला हे आम्ही लपवीत नाही. एका मुलाने दुसऱ्या रडत्या मुलास आपली वस्तू दिली, ह्या कृत्याची आम्ही व्यासपीठावरून दहा वेळा स्तुती केली असेल. ते स्वतःच्या अंगणात घडले तेव्हा आम्ही जाब विचारला! गाडी दिली होती तर ती त्याची होती. मग आम्ही हिशेब कशाचा मागत होतो? सतरा रात्रींचा. म्हणजे गाडी त्यास दिली, पण रात्री स्वतःपाशी ठेवल्या होत्या आणि त्यांचे व्याज मागत होतो.

थोरल्या मुलीने मागाहून सांगितले की त्यास बॅटरी हवी होती. फेरीच्या पुढे उजेड धरून चालणाऱ्या मुलाच्या हातात असते तशी. महिनाभर तो जेवताना तेच बोलत होता. बाजारात ती थोडक्या रुपयांत मिळते, आणि आणावयास एक सकाळ पुरली असती.

रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. करिंथात ज्या गल्लियो सुभेदारापुढे पौलास उभे केले होते, त्याचा हा सख्खा भाऊ. त्याने उपकार करणे व भेटी देणे ह्या एकाच विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो म्हणतो की दान हे वस्तूत नसून देणाऱ्याच्या मनात असते. हे आपणा सर्वांस पटते. विधवेच्या दोन टोल्यांवर आपण हेच शिकवितो. पण तोच लेखक आणखी बजावतो की भेट घेणाऱ्यास साजेशी असावी; म्हाताऱ्यास शिकारीची हत्यारे पाठवू नयेत, भर उन्हाळ्यात थंडीचे कपडे देऊ नयेत, खेडवळास पुस्तके देऊ नयेत. (ह्या शेवटल्या उदाहरणापुरते आमचे त्याच्याशी जमत नाही, आमच्या खेड्यांत पुस्तकाची भेट वाया गेलेली आम्ही क्वचितच पाहिली.) आता शंका अशी की, दान जर मनातच असेल तर वस्तू साजेशी असली काय, नसली काय? आम्ही वर्षभर ह्या शंकेचा विचार केला. आम्हास वाटते की मन द्यावयाचे म्हणजे आपल्या भावनेची ऊब द्यावयाची असे आम्ही समजत होतो. ज्यास द्यावयाचे त्याच्याकडे न पाहता जे मन तापते, ते तापलेले असेल, पण ते अजून त्याच्याकडे गेलेलेच नसते. बाजारची बॅटरी आणणारा बाप आळशी नव्हे. त्याने जेवताना ऐकण्याचे काम केलेले असते, आणि ते काम बाभळीचे आरे घासण्याहून आम्हास अवघड गेले.

म्हणून दाविदाच्या दाखल्याशेजारी आम्ही आता हन्नेचा दाखला ठेवितो. तिने शमुवेलास शिलो येथे देवाच्या सेवेस ठेविले, आणि दर वर्षी नवऱ्याबरोबर यज्ञास जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. शास्त्राने एवढेच सांगितले आहे. पण ज्या आयांनी मुलांचे कपडे शिवले आहेत त्यांनी विचार करावा: वर्षभर मूल डोळ्यांआड, मोजावयास खांदा जवळ नाही, जुना झगा घरी नाही. तिने कापड बेतले ते कोणत्या मापाने? गेल्या वर्षीच्या मापाने बेतले असते तर तो झगा प्रेमाचाच झाला असता, पण शमुवेलाच्या अंगात गेला नसता. तो आता केवढा झाला असेल ह्याचा तिने घरी बसून विचार केला असला पाहिजे, शेजारची त्याच्या वयाची मुले न्याहाळली असली पाहिजेत. दाविदाची किंमत देणाऱ्याच्या थैलीत मोजता आली. हन्नेचे माप मुलाच्या खांद्यावर होते. आम्ही गाडी केली ती सात वर्षांच्या मुलासाठी, आणि असा मुलगा आमच्या घरी दोन वर्षे राहत नव्हता.

वडील गृहस्थांस आम्ही हे सर्व सांगितले. ते थोडे हिरमुसले व म्हणाले, "मग कष्ट करूच नयेत का?" करावेत. आमच्या पत्नीने यंदाही तांदूळ भिजत घातला आहे. आज दुसरा दिवस, सकाळी पाणी बदलले. पिठी थोडी अधिक राखून ठेवणार आहे, आणि दीडशेऐवजी शंभरच करावयाचे ठरले आहे. त्या वृद्ध भगिनींस पहिल्या घाण्यापासून बोलाविले आहे. चुऱ्याची परात केव्हा भरेल असे आळीतली मुले आत्तापासून विचारू लागली आहेत. आता मुद्दाम काही हसवावे लागतात की काय, अशी आमच्या घरी काळजी आहे.

मुलगा अलीकडे पूर्वीसारखा बोलत नाही. बॅटरी त्यास त्याच आठवड्यात आणून दिली, आणि ती ह्या वर्षी फेरीत त्याच्या हातात असेल. यंदा काय हवे हे तो सांगत नाही. विचारले तर "काही नको" म्हणतो. आम्ही रोज त्याच्या शेजारी जेवावयास बसतो. परवा त्याने पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारले, "बाबा, त्या गाडीचा आस तुम्ही सरळ कसा कापलात?" सुताराकडची पटाशी आम्ही अजून परत केलेली नाही.