साडीचोळी आणि सातबारा



८ सप्टेंबरला ख्रिस्तसभा पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करते. भारतातील ख्रिस्तसभा हाच दिवस ‘कन्या दिन’ म्हणूनही पाळते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन, ८ मार्चला महिला दिन आणि २०१२ पासून ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन. दिवसांना तोटा नाही. आपल्या खानदेशाला तर लेकीचा दिवस कोणी शिकवायला नको. आखाजीला झाडाला झोका बांधून सासरच्या लेकीची वाट पाहणारा हा मुलूख आहे.

याच मुलखात २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. राज्याचा आकडा ८९४, तोही शरमेचाच. गर्भलिंगनिदानाविरुद्ध केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. पण मुलगी म्हणजे खर्च, मुलगी म्हणजे परक्याचे धन, हा हिशेब सोनोग्राफीच्या मशीनमध्ये नसतो, घरात असतो.

मरियेच्या जन्माची कथा शुभवर्तमानात नाही, प्राचीन परंपरेत आहे. तीत निपुत्रिक अन्ना देवाला शब्द देते की मुलगा होवो वा मुलगी, मी ते बाळ तुलाच अर्पण करीन. आपल्याकडे नवस बोलताना ‘वा मुलगी’ हे दोन शब्द किती जण उच्चारतात?

मुलगी जन्मली, शिकली, लग्न झाले. पुढे वडील जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत बहिणीला तालुक्याच्या गावी बोलावणे येते. हक्कसोडपत्र तयार असते, फक्त सही हवी असते. बहिणीने मोठ्या मनाने सोडले, असे आपण म्हणतो. काही जणी खरोखर आनंदाने सोडतातही. पण सही केली नाही तर माहेरचे दार बंद होईल, ही भीती मनात असेल तर त्याला मोठे मन म्हणायचे का? आणि तीच बहीण उद्या विधवा होऊन परत आली, तर तिने कोणत्या खोलीत झोपायचे?

गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे, सर्व मंडळीपुढे उभ्या राहतात आणि वडिलांच्या नावचे वतन मागतात. मोशेकडे उत्तर नव्हते. त्याने ते प्रकरण देवापुढे नेले आणि देवाने मुलींचे म्हणणे रास्त ठरवले. त्यांना भाऊ नव्हता म्हणून, असे कोणी म्हणेल. त्याने ईयोबाच्या पुस्तकाचे शेवटचे पान वाचावे. तेथे भाऊ आहेत आणि ईयोब मुलींना भावांच्या बरोबरीने वतन देतो.

कायदाही आपल्या बाजूने जुना आहे. हिंदू शेजाऱ्यांच्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. ख्रिस्ती मुलींसाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, बाकीचे मुलांमुलींत समान. (आदिवासी कुटुंबांत रूढीचा प्रश्न वेगळा आहे, त्याविषयी स्वतंत्रपणे लिहू.) आपल्या बिशपांनी २००८ साली जमशेदपूरच्या सर्वसाधारण सभेत स्त्रियांचे सक्षमीकरण हाच विषय घेतला आणि २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचे धोरणही दिले. ते धोरण धर्मग्रामातील किती घरांत पोहोचले, हे आम्ही विचारत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

संत थॉमस अक्वायनस न्यायाचा अर्थ ज्याचे त्याला देणे असा सांगतात. आखाजीला बहिणीला नेसवलेली साडी हे दान आहे, प्रेमाचे आहे आणि ते चालूच राहावे. पण हिस्सा हे दान नव्हे. साडी देऊन हिश्श्याची फेड होत नाही, जसे भिक्षा घालून मजुराची मजुरी फिटत नाही.

८ तारखेला मुली वेदीवर फुले वाहतील, वाचनेही त्याच करतील. मिस्सानंतर अर्धा तास आपण सर्व थांबू आणि वारसाहक्काच्या कागदपत्रांविषयी बोलू. ज्यांच्या घरी वाटणीचा विषय निघाला आहे, त्यांनी सातबारा किंवा घराचा उतारा सोबत आणावा. बहिणींना एकटे पाठवू नये, भावांनीही यावे.