झाड पाडणारा कोण?

घराला लागून वाढलेले मोठे झाड काढून टाकायचे मनात आले की बहुतेक घरांत पहिली चौकशी होते ती पैशांची. पाडून देणारा माणूस किती घेईल, लाकूड कोण नेईल, भिंतीला धक्का न लावता फांद्या उतरवता येतील का. त्यानंतर परवानगीचा विषय निघतो. हे झाड पाडणे योग्य आहे का, हा प्रश्न बहुधा निघतच नाही. निघाला तर ‘पाप तर लागणार नाही ना’ एवढ्यावरच येऊन थांबतो आणि बुंध्याशी नारळ फोडून, हळदकुंकू वाहून मिटवला जातो. माझे म्हणणे असे आहे की झाड पाडण्याचे श्रम मजुरी देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतात, पण त्या कृत्याची जबाबदारी मजुरीबरोबर त्याच्याकडे जात नाही. ती पाडायला सांगणाऱ्याकडेच राहते. म्हणून माणूस बोलावण्याआधी आपण हे कशापोटी करतो आहोत हे तपासणे हा धर्मविचाराचा भाग आहे. पूजा त्यानंतर.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत, साधनपादाच्या ३४व्या सूत्रात, हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. तिन्ही हिंसाच. पुढे त्याच सूत्रात तिची तीन मुळे दिली आहेत, लोभ, क्रोध आणि मोह. शिवाय ती सौम्य, मध्यम किंवा तीव्र असू शकते. व्यासभाष्याने हा हिशेब मांडत नेऊन आधी २७ आणि मग ८१ प्रकार दाखवले. हा आकडा कोणाला पांडित्याचा सोस वाटेल, पण त्यामागची दृष्टी फार उपयोगाची आहे. हात कोणाचा होता एवढ्यावर दोष ठरत नाही. कोणाच्या सांगण्यावरून झाले, मनात काय होते आणि किती जोराने होते, हे सगळे त्यात धरले जाते. झाड पाडण्याच्या बाबतीत घरमालकाची कृती जवळजवळ नेहमी ‘करवलेली’ असते. कुऱ्हाड किंवा यांत्रिक करवत त्याच्या हातात नसते, म्हणून तर निर्णय इतका सोपा होतो.

परंपरेने झाड तोडायला सरसकट बंदी केली आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हिरवी झाडे सरपणासाठी तोडणे उपपातकांत घातले आहे आणि फळझाड तोडणाऱ्याला शंभर ऋचांच्या जपाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. तोडणे गंभीर आहे, त्याचे कारण विचारले जाईल आणि तोडल्यावर काही करावे लागेल, असा त्यातला भाव. यज्ञात यूपासाठी, म्हणजे बळीचा पशू बांधायच्या खांबासाठी, झाड तोडताना आधी बुंध्याशी दर्भाची काडी धरून कुऱ्हाडीला विनवले जाते की याला इजा करू नकोस, आणि झाड पडल्यावर उरलेल्या खुंटावर तुपाची आहुती देऊन त्याला पुन्हा शेकडो फुटवे येवोत अशी प्रार्थना केली जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात जाण्याचा विधी दिला आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, बळी अर्पण करायचा आणि त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना क्षमा मागून दुसरीकडे वस्ती करायला सांगायचे. या विधीत एक रात्र जाते हे मला महत्त्वाचे वाटते. ठरवणे आणि तोडणे यांच्यामध्ये थांबायला भाग पाडणारी जागा ठेवलेली आहे, आणि झाडावर दुसरे कोणी राहते हे मान्य केलेले आहे.

घर आणि झाड यांच्या संघर्षाचा सर्वांत स्पष्ट दाखला बौद्ध विनयपिटकात आहे. आळवी नगरातले भिक्खू आपल्यासाठी कुटी बांधत होते आणि त्यासाठी झाडे तोडत होते. एका झाडावर राहणाऱ्या देवतेने भिक्खूला विनवले की तुझे घर करण्यासाठी माझे घर तोडू नकोस. त्याने ऐकले नाही, घाव घातला आणि तो देवतेच्या लेकराच्या हाताला लागला. देवतेच्या मनात आले की याला इथेच ठार करावे. पण तिने स्वतःला आवरले आणि ती बुद्धाकडे गाऱ्हाणे घेऊन गेली. बुद्धाने तिला आवरून धरल्याबद्दल शाबासकी दिली आणि राहायला दुसरे झाड दाखवले. इकडे लोकही चिडले होते, कारण एका इंद्रियाच्या जिवाला हे श्रमण इजा करतात, असे त्यांना दिसत होते. त्यातून वनस्पतींना इजा करण्याविरुद्धचा नियम भिक्खूंना लागू झाला. देवता मानणे न मानणे ज्याचे त्याने ठरवावे. या कथेत तोडणाऱ्याला आधी कोणीतरी सांगितले होते, आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले, हा तिचा गाभा आहे.

आता त्या तीन मुळांकडे येऊ. क्रोधाचे प्रकरण लहान आहे: पाने गच्चीवर पडतात, शेजाऱ्याची फांदी आपल्या हद्दीत येते, त्यावरून भांडण पेटते आणि शिक्षा झाडाला होते. लोभ त्याहून सावध असतो. मोटार उभी करायला जागा, पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्र, दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसणे, ही कारणे अर्जात कधी लिहिली जात नाहीत. अर्जात ‘धोकादायक’ लिहिले जाते. सर्वांत अवघड मोह, कारण मोहात असलेल्याला आपण शहाणपणच करतो आहोत असे वाटत असते. व्यासभाष्याने मोहातून होणाऱ्या हिंसेचे उदाहरण दिले आहे ते असे, की यातून मला धर्म लाभेल या समजुतीने केलेली हिंसा. वास्तुदोष निघावा म्हणून झाड पाडणारे याच जातीचे. त्यांच्यासाठी बृहत्संहितेचाच आधार नीट वाचला पाहिजे. वास्तुविद्येच्या अध्यायात घराजवळचे काटेरी, चिकाचे आणि फळांचे वृक्ष अशुभ सांगितले आहेत हे खरे. पण लगेच पुढे असेही सांगितले आहे की ती झाडे तोडायची नसतील तर त्यांच्या मध्ये पुन्नाग, अशोक, बकुळ, फणस, शमी अशी शुभ झाडे लावावीत. म्हणजे शास्त्राने दिलेल्या उपायांत झाडे वाढवण्याचा उपाय आहे. तो न सांगता फक्त तोडण्याचा सल्ला देणारा आणि तो न विचारता ऐकणारा, दोघेही अर्धेच शास्त्र पाळतात.

मोहाचा दुसरा प्रकार म्हणजे न तपासलेली भीती. झाड मोठे आहे म्हणून ते पडेल, ते पोकळ आहे म्हणून कमकुवत आहे, मुळे आहेत म्हणून पाया फोडतील. यातले प्रत्येक विधान कधी खरे असते आणि कधी नसते. खोडाच्या आतला गाभा मुळात मृत लाकडाचा असतो. झाड जगते ते सालीलगतच्या थरावर. त्यामुळे जुना वड किंवा उंबर ढोलीसकट कित्येक वर्षे भक्कम उभा राहू शकतो. मुळे सहसा धड पाइप फोडत नाहीत, आधीच गळणाऱ्या सांध्यांतून आत शिरतात. दख्खनच्या काळ्या मातीत तर उलटेही घडते. मोठे झाड मातीतले पाणी ओढत असते. ते गेले की माती पुन्हा फुगते आणि भेगा झाड पाडल्यानंतर पडू शकतात. उलट खऱ्या धोक्याची लक्षणे बघणाऱ्याला दिसतात. बुंध्याभोवतीची माती एका बाजूने उचलली गेली आहे, तिला अर्धचंद्राकृती भेग आहे, झाडाचा कल अलीकडे वाढला आहे. बुडाशी लाकडासारखी कठीण, फळीसारखी बुरशी बाहेर आली आहे. दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे आणि पावसात तिच्यातून पाणी ओघळते. गटारासाठी किंवा केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळे सपाट छाटली गेली आहेत. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली असतात, त्यामुळे अशा चराचा घाव फार खोल जातो. बुंध्याला भिडवून केलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, तारांसाठी एकाच बाजूची छाटणी, हेही झाडाचा तोल घालवतात. म्हणजे पुष्कळदा झाड धोकादायक झालेले असते ते आपणच केलेले असते, आणि मग त्याची शिक्षा म्हणून ते तोडले जाते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की झाडाला मज्जासंस्था नाही, वेदना नाही, तेव्हा हिंसेची भाषाच गैरलागू आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज हाच प्रश्न विचारतो आणि भृगू उत्तर देतो की वृक्षांनाही इंद्रिये आहेत: गडगडाटाने त्यांची फुले-फळे गळतात म्हणून ते ऐकतात, वेल आपली वाट शोधते म्हणून ती पाहते. हे दाखले आजच्या कसोटीला तसेच्या तसे उतरणार नाहीत आणि ते उतरलेच पाहिजेत असा माझा हट्ट नाही. वेदनेचा मुद्दा पूर्ण सोडून दिला तरी प्रश्न संपत नाही. वाळक्या फांदीत भोक कोरून तांबट पक्षी तिथे अंडी घालतो. उंबराच्या एकेका फळात कीटकांची पिढी वाढते. कावळ्यांची वीण एप्रिल ते जूनमध्ये असते, आणि शहरांत पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा धडाका नेमका त्याच महिन्यांत चालतो. झाडाला दुखते की नाही याबद्दल वाद घालता येईल. घरट्यातल्या पिलांबद्दल नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. माणसाचा जीव झाडाहून मोलाचा आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. त्या झाडाविषयी रहिवाशांनी आधी तक्रार केली होती. असे झाड केवळ ‘वृक्षप्रेमा’पोटी उभे ठेवणे हीदेखील संमती दिलेली हिंसाच होय. वर दिलेली लक्षणे ज्या झाडात आहेत आणि ज्याच्या खाली माणसांची ये-जा किंवा झोपायची खोली आहे, ते पाडायला सांगणाऱ्याने मनात अपराधी भाव ठेवू नये. तिथे लोभ, क्रोध, मोह यांपैकी काहीच नाही. माझा आग्रह इतकाच की धोका पाहिलेला असावा, कल्पिलेला नसावा. आणि तो पाहणारा माणूस झाड पाडून पैसे मिळवणारा नसावा. पुष्कळदा लाकूड पाडणाऱ्याकडेच जाते. त्यालाच ‘हे झाड पाडायला हवे का’ असे विचारले तर उत्तर काय येईल हे उघड आहे. महापालिकेच्या उद्यान विभागातला जाणकार, वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक किंवा झाडे तपासण्याचे शिक्षण घेतलेला माणूस यांच्याकडून आधी पाहणी करून घ्यावी. फांद्यांचे ओझे कमी करून, टेकू देऊन, बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून काम भागते का, हे त्यांना विचारावे.

करवलेल्या हिंसेत आणखी एक माणूस असतो आणि धर्मविचारात त्याची आठवण फार कमी वेळा होते. तो म्हणजे झाडावर चढणारा मजूर. कमरेला दोर, खांद्याला कोयता, पायांत साधी चप्पल किंवा तीही नाही; डोक्यावर हेल्मेट नाही, सुरक्षा पट्टा नाही. चाळीस फुटांवर तो ज्या फांदीवर उभा आहे तिच्यापुढचीच फांदी कापतो. झाड घरावर पडेल म्हणून आपण घाबरलो आणि ती भीती दूर करायला दुसऱ्याला त्याच झाडावर चढवले. पिंपळाच्या बाबतीत हे आणखी उघडे पडते. पिंपळावर मुंजा असतो, तो तोडला तर घराण्याला भोवते, अशी समजूत असल्यामुळे घरचे आणि ओळखीचे लोक हात लावायला धजत नाहीत. मग बाहेरगावचा, गरजू माणूस शोधला जातो आणि त्याला दोन पैसे जास्त दिले जातात. जे पाप आपल्याला नको ते गरिबाच्या माथी मारून विकत सुटका घेण्याचा हा व्यवहार आहे. झाड तोडण्यापेक्षा मला हा अधर्म मोठा वाटतो. पतंजलीच्या हिशेबाने तर सुटका होतही नाही.

तिसरे समर्थन असते भरपाईचे: एक तोडू, दहा लावू. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यामुळे स्वतःच्या अंगणातले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या झाडाला साठ रोपे. प्रायश्चित्त गुन्ह्याच्या मापाचे असावे, हे जुन्या धर्मशास्त्राचे तत्त्व इथे कायद्यात आलेले दिसते, आणि ते योग्य आहे. पण प्रायश्चित्त ठाऊक आहे म्हणून कृत्य करायला मोकळीक मिळते, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. लावलेली रोपे जगवणारा कोणी नसेल तर साठ हा आकडा कागदावरच राहतो. आणि रोपे जगली तरी आज त्या ढोलीत असलेल्या पिलांना त्यांचा उपयोग नाही.

तेव्हा ज्यांच्या दारात असे झाड आहे त्यांना माझी विनंती आहे. पावसाळा संपल्यावर जाणकाराला बोलावून झाड दाखवा आणि त्याचे म्हणणे लेखी घ्या. धोका नसेल तर बुंध्याभोवतीची चार-सहा फूट जागा उघडी करा आणि झाड राहू द्या. धोका असेल तर रीतसर परवानगी काढा, पिले उडून गेल्यावर काम घ्या, चढणाऱ्याला पट्टा आणि हेल्मेट दिल्याशिवाय चढू देऊ नका, आणि झाड उतरवले जात असताना घरातल्या कर्त्या माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे हजर राहावे.