विचारायचे कुणी?

परगावच्या रस्त्यावर थांबून कुणालाही पत्ता विचारून पाहा. ठाऊक असला तर तो सांगेलच. पण ठाऊक नसला तरीही बहुधा सांगेल. घरात कुणी आजारी पडले की समाचाराला येणारा प्रत्येक जण एकेक औषध घेऊन येतो. कुणी गुळवेल सांगतो, कुणी मुंबईचा डॉक्टर सांगतो. नेमके दुखते कुठे, हे मात्र आजाऱ्याला कुणी विचारत नाही. सांगणारे चार आणि विचारणारा एकही नाही, अशी आपल्या घरोघरची स्थिती आहे. उत्तर एवढे स्वस्त आणि प्रश्न एवढा महाग का व्हावा?

अहंकार, असे कुणीही चटकन सांगेल. मला ते पुरते पटत नाही. मी शाळेत शिकवतो. पहिलीतले मूल प्रश्नांनी जीव नकोसा करते. तेच आठवीत येईपर्यंत गप्प होते. ‘समजले का?’ असे विचारले की साऱ्या वर्गातून एका सुरात ‘हो’ येतो. त्या ‘हो’त अहंकार कसला? तिथे भीती असते. हात वर करणारा मुलगा चाळीस जणांच्या देखत कबूल करीत असतो, की मला कळले नाही. उत्तर म्हणजे देणे आणि प्रश्न म्हणजे मागणे. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. हा हिशोब आपण ज्ञानालाही लावून ठेवला आहे. परीक्षेतदेखील गुण मिळतात ते उत्तराला. चांगल्या प्रश्नाला कुणी अर्धा गुण दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आपली भाषा या गोष्टीला साक्ष आहे. ज्याला उत्तर सुचत नाही तो ‘निरुत्तर’ झाला, असे आपण म्हणतो आणि त्यात त्याचा पराभव मानतो. ज्याला प्रश्नच सुचत नाही त्याच्यासाठी असा नामुष्कीचा शब्द आपण घडवला नाही. उलट, फार विचारणाऱ्याला आपण ‘शंकासुर’ म्हणतो. मूल लहान असेपर्यंत ‘चौकस’ असते. जरा मोठे झाले की त्याचेच विचारणे ‘उलटून बोलणे’ ठरते.

आपल्या जुन्या ग्रंथांत मात्र विचारणाऱ्याचा मान निराळा आहे. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे प्रश्न घेऊन येतात. ऋषी त्यांना लगेच उत्तरे देत नाहीत. आधी वर्षभर इथे राहा, मग विचारा, आणि मला ठाऊक असेल तर सांगेन, असे म्हणतात. त्या सहांतल्या सुकेशाची हकीकत मला फार आवडते. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ पूर्वी एकदा त्याच्याकडे षोडशकल पुरुषाविषयी विचारायला आला होता. सुकेशाने सरळ सांगितले, की मला ठाऊक नाही. राजपुत्र निमूटपणे रथात बसून निघून गेला. प्रश्न मात्र सुकेशापाशी राहिला, आणि तोच घेऊन तो आता पिप्पलादांच्या दारी आला होता. त्या दिवशी राजपुत्रापुढे लाज राखण्यासाठी त्याने काहीबाही सांगितले असते, तर दोघांचाही प्रश्न तिथेच मेला असता.

तयार उत्तर प्रश्नाला कसे मारते याचा दाखला फार मागे न जाताही सापडतो. समुद्र निळा का? आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन बोटीने इंग्लंडहून परत येत होते. भूमध्य समुद्र पाहताना त्यांनी तेच पुन्हा विचारले. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका स्फटिकाच्या साहाय्याने त्यांनी अडवला. तरी समुद्र निळाच! त्या शोधाची वाट पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला ‘रामन परिणामा’पर्यंत गेली आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तर तयार असतानाही त्यांनी विचारले, हे त्यांचे पहिले धाडस.

पण ऋषी आणि शास्त्रज्ञ यांच्यापुरतीच ही गोष्ट नाही. आमच्या शाळेतली एक मुलगी रोज उशिरा येऊ लागली, आणि मग तिचे येणेच थांबले. शिक्षकांच्या खोलीत उत्तरांना तोटा नव्हता. कुणी म्हणाले, आळशी आहे. कुणी म्हणाले, लग्न ठरले असेल. कुणी म्हणाले, डोकेच नाही. आमचा शिपाई एका संध्याकाळी तिच्या घरावरून जाताना थांबला आणि म्हणाला, “पोरी, का गं येत नाहीस?” तिच्या गल्लीत नळाला पाणी यायची वेळ बदलून नेमकी शाळा भरण्याची झाली होती. आई कामावर, धाकटे भाऊ लहान. पाणी भरायला हीच. शेजारच्या आजींनी चार हंडे भरून ठेवायचे कबूल केले आणि मुलगी वर्गात आली. एक प्रश्न आणि चार हंडे, एवढ्याचाच काय तो अडसर होता. आमच्या खोलीतल्या उत्तरांनी तिचे शिक्षण मात्र संपवून टाकले होते.

म्हणून मला वाटते, न मागता दिलेले उत्तर पुष्कळदा समोरच्यासाठी नसतेच. त्याचे ऐकावे लागू नये म्हणून आपण ते घाईघाईने देतो. प्रश्न विचारला की थांबावे लागते, ऐकावे लागते, आणि कदाचित ऐकल्यावर काही करावेही लागते. उत्तर देऊन माणूस मोकळा होतो; विचारणारा गुंततो. भीतीइतकेच हेही विचारण्याच्या टाळाटाळीचे कारण आहे.

मराठीने ‘विचार’ आणि ‘विचारणे’ हे दोन शब्द एकाच घरातले ठेवले आहेत. जो विचारीत नाही तो विचार तरी कसा करणार? वाचकहो, दिवाळीला घर माणसांनी भरते आणि बोलणारे पुष्कळ बोलतात. त्या गर्दीत एखादी सून, एखादा नापास झालेला मुलगा, एखादे वृद्ध काका कोपऱ्यात गप्प बसलेले असतात. त्यांच्याविषयीची उत्तरे साऱ्या घराजवळ तयार असतात. यंदा त्यांना एकदा विचारावे. आणि ती बोलेपर्यंत आपण गप्प राहावे.