गिरवलेली हालचाल कुणाची?

मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ साली अमेरिकेत रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला. यंत्राची युक्ती साधी होती. आधी चित्रित केलेल्या फिल्मची एकेक चौकट मागून काचेवर पडायची आणि चित्रकार ती कागदावर गिरवायचा. त्यांचा भाऊ डेव्ह विदूषकाचा वेष चढवून कॅमेऱ्यासमोर वावरला आणि त्या हालचालींतून कोको हा कार्टून विदूषक जन्मला. जिवंत माणसाची हालचाल गिरवणे ही निर्मिती की नक्कल, हा वाद तेव्हापासूनचा.

आक्षेप पोकळ नाही. पात्राचे वजन, वेग, थबकणे हे सारे ठरवून चित्रकार त्यात जीव ओततो. गिरवताना यातले बरेचसे नटाने आधीच ठरवलेले असते. फ्लायशर यांच्याच १९३९च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये गिरवलेला गलिव्हर आणि कार्टून वळणाचे लिलिपुटवासी एकाच पडद्यावर असूनही दोन निराळ्या जगांतले वाटतात.

तरीही गिरवणाऱ्याला निवड चुकत नाही. डिस्नेच्या १९३७च्या ‘स्नो व्हाइट’साठी तरुण नर्तकी मार्ज चॅम्पियन कॅमेऱ्यासमोर वावरली. पण चित्रातल्या नायिकेचे डोके शरीराच्या मानाने मोठे. मार्जची आकृती जशीच्या तशी उतरवून भागणार नव्हते. काय ठेवायचे, काय सोडायचे, हे चित्रकारांनाच ठरवावे लागले. २०१७चा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ आधी नटांना घेऊन चित्रित झाला आणि मग शंभरावर चित्रकारांनी सुमारे ६५,००० चौकटी तैलरंगात रंगवल्या. याला पळवाट कोण म्हणेल?

नैतिक पेच उरतो तो ऋणाचा. नर्तकीच्या एका गिरकीत तिचा वर्षांचा रियाज असतो. देह पुसून टाकला तरी तो रियाज रेषेत उतरतोच. १९३२च्या ‘मिनी द मूचर’मध्ये सुरुवातीला गायक कॅब कॅलोवे स्वतः वाद्यवृंदापुढे झुलताना दिसतो आणि पुढे गुहेतले वॉलरसचे भूत त्याच्याच चालीत नाचते. हालचाल कुणाची, हे प्रेक्षकाला कळते. ‘स्नो व्हाइट’च्या श्रेयनामावलीत मात्र मार्जचे नाव नाही.

आता मोशन कॅप्चरमुळे हालचाल थेट संगणकात शिरते आणि देणारा देह आणखीच अदृश्य होतो. म्हणून गिरवण्यावर बंदी नको. पण ज्याची हालचाल घेतली, त्याचे नाव चित्रकाराच्या नावाशेजारी पडद्यावर आलेच पाहिजे.