व्याख्या तोंडपाठ, अर्थाचा पत्ता नाही

उत्तरपत्रिका मिळतील, आधी ऐका. प्रश्न जीवशास्त्राचा होता: डासाला मलेरियाचा वेक्टर का म्हणतात? आणि अर्ध्या वर्गाने काय लिहिलंय? ‘वेक्टर म्हणजे परिमाण आणि दिशा असलेली राशी. डास एका दिशेने उडतो म्हणून तो वेक्टर.’ अरे, लिहिताना हात एकदाही अडखळला नाही? भौतिकशास्त्राच्या तासाला घोकलेलं वाक्य उचललं आणि इथे आणून चिकटवलं. चूक झाली तर मी समजावून सांगेन, दहा वेळा सांगेन. पण जे लिहिलं ते स्वतः वाचूनही न पाहणं मला चालणार नाही.

आणि हे हैदराबादच्या मुलांनी लिहावं! तुमच्यातले कितीतरी जण मेट्रोने रोज बेगमपेटवरून येता. त्याच बेगमपेटात २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस नावाच्या लष्करी डॉक्टरने हुसेन खान या रुग्णाचं रक्त प्यायलेला डास फाडला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीच्या पेशी पाहिल्या. उस्मानिया विद्यापीठाची रॉसच्या नावाची संस्था अजून तिथे आहे. किती जणांनी पाहिली आहे? खाली बघू नका, उत्तर द्या.

वेक्टर हा लॅटिन शब्द आहे. ‘वेहेरे’ म्हणजे वाहून नेणे, त्यावरून वेक्टर म्हणजे वाहून नेणारा. लॅटिनमध्ये तो शब्द नेणाऱ्याला लागे, तसा जो नेला जातो त्या प्रवाशालाही लागे. आपला ‘वह्’ धातू आणि हा ‘वेहेरे’ एकाच कुळातले. वाहन, वाहक, प्रवाह, विवाह हे शब्द तुमच्या घरात रोज बोलले जातात. ‘आम्ही सायन्सवाले, आम्हाला लॅटिन कशाला?’ असं मागच्या बाकावरून ऐकू आलं. लॅटिन शिका असं मी म्हटलंच नाही. एवढंच विचारा की हा वाहतो तर काय वाहतो, कुठून कुठे, आणि कसा?

त्यातला ‘कसा’ सगळ्यात अवघड. रॉसचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांना डासाचा संशय होताच. पण त्यांना वाटे की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. रॉसनेही आधी तसलं पाणी माणसांना पाजून पाहिलं. संशय बरोबर होता, कल्पना चुकीची होती. माशी पायाला लागलेली घाण नुसती इकडून तिकडे नेते. डासाच्या शरीरात मात्र परजीवी वाढतो, त्याचं रूप बदलतं, आणि मग तो लाळग्रंथींत येतो. हा शेवटचा टप्पा रॉसने १८९८ मध्ये कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियात दाखवला. १९०२ चं नोबेल या कामासाठी आहे. तुमच्या उत्तरात यातलं एक अक्षर नाही.

आता भौतिकशास्त्र. तिथेसुद्धा दिशा मागाहून आली. सूर्यापासून ग्रहापर्यंतच्या रेषेला खगोलशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून रेडियस वेक्टर म्हणत, जणू ती रेषा ग्रहाला घेऊन फिरते. केप्लरच्या दुसऱ्या नियमात समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते ती हीच. १८४०च्या दशकात हॅमिल्टनने हा शब्द गणितात आणला: एका बिंदूला दुसऱ्या बिंदूपर्यंत नेणारी ती रेषा. हे समजलं की ‘सदिश’ची, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या वेक्टरची, व्याख्या घोकावी लागत नाही. बेगमपेटातच निजामिया वेधशाळाही होती. साऱ्या आकाशाच्या नकाशाच्या आंतरराष्ट्रीय कामात तिने लाखो ताऱ्यांची नोंद केली. शेजारी जुना विमानतळ. नियंत्रण कक्षातून वैमानिकाला ‘या दिशेने वळ’ असं सांगतात, त्यालाही वेक्टर देणं म्हणतात. डास, ग्रह, विमान, आणि शब्द एकच!

२०२१ मध्ये स्पुटनिक लशीचा भारतातला पहिला डोस याच शहरात दिला गेला, तेव्हा टीव्हीवर दिवसभर ‘वेक्टर लस’ चाललं होतं. एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर करोनाचं जनुक लादून ते पेशीत पोचवायचं, ही त्यातली युक्ती. तुम्ही ऐकलंत आणि सोडून दिलंत. कान उघडे असून असं होतं, म्हणून जीव तुटतो माझा. मूर्ख पोरांवर कुणी इतका घसा कोरडा करत नाही.

वह्या काढा. रविवारी बेगमपेटला जायचं, रॉसच्या संस्थेची पाटी वाचून यायची. सोमवारी हाच प्रश्न पुन्हा. माशी आणि डास यांच्या वाहण्यातला फरक आला नाही, तर गुण नाहीत. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेलं मला पहिल्या ओळीत कळतं.