उतार आणि डोह

पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला अनुभवाने कळलेले एक सत्य असे, की जो पाण्याशी झगडतो तो गटांगळ्या खातो आणि जो पाण्यावर अंग टाकतो तो तरतो. आणि हे सत्य काठावर उभे राहून कितीही वेळा ऐकले, तरी पाय तळाचा आधार सोडीपर्यंत ते कोणालाही पटत नाही. वयाच्या आठव्या वर्षी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मला कृष्णेत उतरविण्यात आले, तेव्हा आजोबांनी प्रथम ओंजळभर पाणी माझ्या मस्तकावर घातले, कारण नदीला आधी पाय लावायचा नाही हा त्यांचा दस्तूर होता, आणि मग कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते एवढेच म्हणाले, "अंग सोड बाळ, नदी धरते." त्या वाक्यात पोहण्याचा धडा किती आणि धर्माचा किती, हे उमजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आपल्या भाषेत मात्र हे दोन्ही धडे पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत. पाण्यावर राहणे ते तरणे आणि भवसागरातून पार पडणे तेही तरणेच. शिवाय ज्या 'तॄ' धातूपासून हे क्रियापद आले, त्याच धातूपासून तीर्थ हा शब्द झाला असून त्याचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे आपल्या खेड्यांतला साधा उतार, असा आहे. देऊळ, घाट, पुजारी आणि पंचपात्री ही सारी मागाहून आली. आधी होता तो गुडघाभर पाण्यातला, पायांखाली गोटे सरकणारा उतार. असे असताही स्नान आणि जलक्रीडा यांच्यामध्ये आपण एक सरहद्द आखून ठेवली आहे: नाशिकच्या रामकुंडात बुडी मारणारा यात्रेकरू पुण्यवान ठरतो आणि त्याच पाण्यात सूर मारणाऱ्या पोराला मात्र वडीलमाणसे दटावतात. पवित्र जलात आनंदासाठी उतरावे, की त्यापासून अंतर राखणे हीच खरी भक्ती, हा प्रश्न मनात घेऊन मी जपानच्या शिकोकु या डोंगराळ बेटावर गेलो होतो असे नव्हे. पण तेथील नद्यांनी तो मला विचारला एवढे खरे.

जपानच्या चार प्रमुख बेटांपैकी हे सर्वांत लहान. तथापि त्याच्या मध्यभागी पर्वतांची अशी दाटी आहे की इशिझुचीचे 1982 मीटर उंचीचे शिखर पश्चिम जपानात सर्वोच्च ठरले आहे. या पर्वतराजीच्या दक्षिण अंगाला, पूर्वी तोसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलुखात, 196 किलोमीटर लांबीची शिमान्तो ही नदी वळणे घेत समुद्राला मिळते आणि तिच्यावर व तिच्या उपनद्यांवर चाळीसहून अधिक असे पूल आहेत ज्यांना तेथील लोक 'चिन्काबाशी', म्हणजे बुडणारा पूल, म्हणतात. हे पूल ठेंगणे असून त्यांना कठडे मुळीच नाहीत. महापूर आला की पूल पाण्याखाली जावा आणि वाहून आलेले ओंडके कोठेही न अडकता वरून निघून जावेत, एवढ्यासाठी ही रचना. नदीला अडविण्याचा दावा सोडून दिल्यामुळेच तो पूल टिकतो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी अशाच एका पुलाच्या कडेला पाच-सहा मुले रांगेने उभी होती. त्यांतला सर्वांत लहान मुलगा दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे सरला. तिसऱ्या वेळी त्याने नाक दाबले, डोळे मिटले आणि पाय जुळवून सरळ हिरव्या पाण्यात उडी घेतली. तो वर आला तेव्हा त्याच्या मुखावर जो प्रसन्न विस्मय होता, तो मी पंढरपुरी चंद्रभागेतून बाहेर पडणाऱ्या वारकऱ्यांच्या मुखांवर पाहिलेला आहे.

शिमान्तो हा उतार म्हटला, तर निकोबुची हा डोह. इशिझुचीच्या रांगेतच उगम पावणारी नियोदो नदी तिच्या निळाईसाठी प्रसिद्ध असून तिच्या एका लहान उपनदीवर, धबधब्याखाली, हा डोह आहे. दुपारी ऊन थेट त्यात उतरते तेव्हा तळाचा धोंडा न् धोंडा दिसतो आणि पाणी मात्र नीलमण्यासारखे घनदाट भासते. उकाड्याने हैराण झालेल्या वाटसरूला आत उतरण्याचा मोह अनिवार व्हावा असे ते स्थळ. पण येथे पाण्यात उतरण्यास मनाई आहे, कारण डोहात महासर्पाच्या रूपाने जलदेवता नांदते अशी आसपासच्या लोकांची पिढीजात श्रद्धा आहे. मला तेथे परकेपणा जाणवला नाही. आपल्याकडे डोहाच्या काठी साती आसरांचे तांदळे मांडून हळदकुंकू वाहिलेले कोणी पाहिले नाही? महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून सांभाळलेले मासे आजही निर्भयपणे काठाशी येतात.

त्याहूनही मला अंतर्मुख केले ते एका नावाने. ज्या शिमान्तोत मुले मनसोक्त उड्या मारतात, ती ज्या डोंगरावर उगम पावते त्याचे नाव इराझुयामा, म्हणजे जेथे शिरू नये तो पर्वत. तोसाच्या दरबाराच्या अमलात तेथील अरण्यात शिरण्यास लोकांना मज्जाव होता. एकाच नदीचे मूळ वर्ज्य आणि तिचे वळण सर्वांना मोकळे. जी माणसे उगमापाशी थांबतात, त्यांचीच लेकरे खाली त्या पाण्यात निःशंक उतरू शकतात.

या ठिकाणी शुद्धीचा विचार ओघाने येतो. 712 साली सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या जपानी ग्रंथात इझानागी हा देव मृत पत्नीच्या शोधात पाताळात जाऊन परततो आणि ते सुतक फेडण्यासाठी नदीत स्नान करतो, अशी कथा आहे. त्या स्नानात त्याचा डावा डोळा धुतला जात असता सूर्यदेवता अमातेरासू जन्मास आली. आपल्या स्मृतींनीही जलाचे माहात्म्य गाताना माणसावर मर्यादा घातल्या आहेत: पाण्यात थुंकू नये, मलमूत्र टाकू नये असे मनुस्मृती सांगते, आणि जेवणानंतर, आजारात, मध्यरात्री अथवा अनोळखी जलाशयात स्नान करू नये असाही तिचा हुकूम आहे. पाण्याची पवित्रता आणि पाण्याचे भय ही दोन निराळी प्रकरणे आहेत, असे त्या शास्त्रकारांना वाटत नव्हते.

शिकोकुचा परमपूज्य पुरुष कूकाई याचा जन्म 774 साली याच बेटावर झाला. 804 साली तो चीनला गेला, तेथे त्याने संस्कृत मंत्र व सिद्धम् लिपी यांचे अध्ययन केले, आणि त्याच्या परंपरेतील मंदिरांत आजही होम होतो व त्यास 'गोमा' असेच म्हणतात. त्याच्या नावाचा अर्थ आकाश आणि समुद्र. 835 साली त्याचे निधन झाले असे इतिहास सांगतो. भक्तांच्या मते तो कोया पर्वतावर अखंड समाधीत आहे, आणि आळंदीच्या संजीवन समाधीपुढे वाढलेल्या मनाला ही श्रद्धा समजावून द्यावी लागत नाही. बेटाभोवतीच्या 88 मंदिरांची पायी यात्रा करणारे शुभ्रवस्त्रधारी यात्रेकरू हातातल्या काठीला कूकाईचेच रूप मानतात, आणि पूल आला की ती काठी उचलून धरतात, जमिनीला टेकवीत नाहीत; कारण आश्रय न मिळाल्याने त्याने एकदा एका पुलाखाली रात्र काढली होती, आणि न जाणो, आजही तो कोणत्या पुलाखाली निजला असेल, त्याची झोप मोडू नये.

काठी उचलणारा तो हात मला, पाण्यात उतरावे की अंतर राखावे, या प्रश्नाचे उत्तर वाटतो. पुलावरून जाण्याचा अधिकार यात्रेकरूला आहेच. तो फक्त आपल्या पावलांचा भार, आपला आवाज, हलका करतो. डोहापाशी थांबणारा आणि उतारात उडी घेणारा हे दोघेही आपापल्या परीने मालकीचा दावा सोडतात, एक पाऊल आवरून आणि दुसरा पाऊल उचलून. संतांनी केवळ अंग धुणाऱ्या स्नानाला निष्फळ ठरविले ते याच अर्थाने, की ज्याने आपला अहंकार सुका राखला त्याला नदी भिजवू शकत नाही. आपण नदीला आई म्हणतो, तिची ओटी भरतो, आणि त्याच दिवशी गावाचे सांडपाणी तिच्या हवाली करतो. आपल्यातून तिच्याविषयीचा आदर गेला नसेल, पण तिच्यापुढे थांबण्याची शक्ती गेली आहे, आणि म्हणूनच आपल्या पुष्कळ मुलांना आता नदीत पोहता येत नाही.

शिमान्तोवर उड्या मारणारी ती मुले घरी गेल्यावर त्या संध्याकाळी मी पुलाखालच्या उथळ पाण्यात उतरलो. आधी ओंजळभर पाणी मस्तकावर घेतले, मग पाय भिजविले, आणि अंग सोडून उताणा तरंगलो. डोक्यावरून एक यात्रेकरू पूल ओलांडीत होता. त्याच्या पावलांचा आवाज मला ऐकू आला, काठीचा आला नाही.